न कापलेली फ्रेम

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "दस्तगीरभाई, धंद्यातले अनुभव लिहून द्या. पण खरे लिहा हं." मी म्हणालो, "बाई, खरेच लिहायचे तर दोन पानांत आटपेल." त्या हसल्या. म्हणून आधीच सांगून ठेवतो. या लेखात मी जिथं छाती फुगवली आहे तिथलं निम्मं सोडून द्या. जिथं स्वतःला नावं ठेवली आहेत तिथलं मात्र एक अक्षरही सोडू नका.

साताऱ्यात पोवई नाक्यापासून हाकेच्या अंतरावर माझं सायकलचं दुकान आहे. चाळीस वर्षं होत आली. सुरुवात दूधवाल्यांच्या काळ्या लोखंडी सायकलींवर झाली. कॅन लावून लावून त्यांचे मडगार्ड हत्तीच्या कानासारखे लोंबायचे. मग मधे असा काळ आला की सायकल फक्त ज्याला मोटारसायकल परवडत नाही तोच चालवायचा, आणि मी दुकानात माश्या मारत बसायचो. मग काय झालं कुणास ठाऊक, गावातले डॉक्टर, वकील, बँकवाले एकदम पहाटे उठून यवतेश्वरचा घाट चढायला लागले. घट्ट चड्ड्या घातलेली मोठमोठी माणसं माझ्या बाकड्यावर बसून चहा प्यायला लागली. आणि त्यांच्याबरोबर आली कार्बनची सायकल. एका बोटावर उचलावी आणि दुसऱ्या हातानं मिशीला पीळ द्यावा.

एक सराफ तर आपली फ्रेम आणि दुकानातला तराजू दोन्ही घेऊन आले. "कंपनीनं सांगितलंय तेवढंच वजन भरतंय का बघ." मी म्हणालो, "शेठ, भरतंय. आता हॉलमार्क कुठं मारू तेवढं सांगा." दुसरे एक गृहस्थ थंडीत सायकलीवर गोधडी घालायचे. विचारलं तर म्हणाले, "अहो, ते शेवटी कापडच ना?"

हसू नका. खरंच कापड आहे ते. केसाहून बारीक काळ्या धाग्यांचं विणलेलं कापड थरावर थर लावायचं, मधे चिकट रसायन घालायचं आणि साच्यात भाजून काढायचं, की झाली कार्बनची नळी. लोखंडाहून हलकी आणि नीट वागवली तर लोखंडाहून घट्ट. पण तिचा स्वभाव वाईट. लोखंड आजारी पडलं की बोंब मारतं, गंजतं, वाकतं, करकरतं. कार्बन बोलत नाही. वरून रंग झकास, आत थर सुटलेले, आणि मग एखाद्या दिवशी भर उतारावर पापड मोडावा तशी मोडते. चालवणारा कुठं जाऊन पडतो ते त्या वळणाच्या खाली काय आहे त्यावर.

म्हणून जुनी कार्बन फ्रेम विकत घ्यायची तर मालकाचं काही ऐकायचं नाही. "फक्त रविवारी चालवली", "एकदाही पडली नाही", हे सगळे सारखंच बोलतात. आपण रुपयाचं नाणं काढायचं, कडेनं धरायचं आणि नळीवर इंचाइंचानं ठोकत जायचं. निरोगी जागा 'टक्' म्हणते. थर सुटलेली जागा ओल्या पुठ्ठ्यासारखी 'थप्' म्हणते. दोन्हींतला फरक ऐकायला कान लागतो, आणि माझा कान असा की राजवाड्यावरून सायकल निघाली की तिचा कुठला छर्रा फुटलाय ते मी नाक्यावर बसून सांगायचो. (इथं निम्मं सोडा.)

हा कान मला मिळाला मिरजेच्या मामूंकडून. हुसेनमामू, माझ्या आईचे भाऊ, तंबोरे बनवायचे. भीमेकाठचे वाळलेले भोपळे त्यांच्या कारखान्यात छताला टांगलेले असायचे. मामू एकेक उतरवायचे, बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि कान लावून बसायचे. एखादा भोपळा वरून गुळगुळीत, पण आत बारीकशी चीर. ती मामूंना ऐकू यायची. मग आतून सरस लावून कापडाची पट्टी अशी डसवायचे की तो भोपळा पुढं पन्नास वर्षं गाणाऱ्याच्या मांडीशी बसायचा. शाळेच्या सुट्टीत मी तिथं भोपळे ठोकत बसायचो. कार्बनची नळी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला नवं काहीच वाटलं नाही. पोकळ, हलकी, आत चीर लपवणारी. लांबट भोपळाच तो.

आता माझा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या नियमावर आहे. फ्रेम मेली असं मी म्हटलं, की त्याच दिवशी, मालकाच्या देखत, करवतीनं तिचे दोन तुकडे करायचे. तोंडाला फडकं बांधून, वर पाणी सोडत, कारण तिचा भुगा फुप्फुसात गेला तर आयुष्यभर खोकत बसाल. गिऱ्हाईक हळहळतं. "राहू दे की भिंतीवर शोभेला." नाही. भिंतीवरची फ्रेम कधीतरी खाली उतरते, कुणीतरी तिला रंग देतं आणि कुणाचा तरी पोरगा तिच्यावर बसतो. शंभर तरी फ्रेमा कापल्या असतील मी. बरं, चाळीस.

एक कापली नाही.

ती होती आमच्या एका दातांच्या डॉक्टरांची. काळी, डोंगरातल्या सायकलीची फ्रेम. कासच्या वाटेवर दगडावर आपटली होती. पायडल जिथं फिरतं त्या पेटीच्या वर, खालच्या नळीला वीतभर 'थप्'. मी म्हणालो, "डॉक्टर, गेली ही." ते म्हणाले, "काप मग. मला बघवणार नाही." आणि निघून गेले. इथंच माझी पहिली चूक झाली. मालक समोर नव्हता. मी करवत लावली, पहिला ओढा दिला, आणि फ्रेम वाजली. म्हणजे करवतीनं काहीही वाजतं, पण हा आवाज करवत थांबवल्यावरही राहिला. दहा मोजेपर्यंत. मामूंच्या कारखान्यात एक तंबोरा छेडला की छताचे बाकीचे भोपळे हलकेच घुमायचे, तसा.

मी करवत खाली ठेवली. आणि पुढच्या शुक्रवारी ती फ्रेम मिरजेला घेऊन गेलो, मामूंना ऐकवायला.

मामूंना तेव्हा डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत सांगतो. त्यांनी फ्रेम मांडीवर आडवी घेतली, सगळीकडून हात फिरवला, पेरानं ठोकली. बराच वेळ कान लावून बसले.

"ही कसली भाजी रं दस्तू?"

"सायकल हाय मामू. मेलीय. गंमत म्हणून आणली."

"मेलेली अशी बोलत न्हाई. ठेव हितं."

"आवं, पण ती—"

"तुला कान हाय, पर धीर न्हाई. ठेव म्हनतो न्हवं."

ठेवली. महिन्याभरानं मामूंचा फोन आला. "झाली रं. ये आन् घिऊन जा." मी म्हणालो येतो. आज येतो, उद्या येतो, सीझन आहे, गर्दी आहे. मी गेलो ते मामूंच्या मयतीलाच. त्या गडबडीत फ्रेम कुठून आठवणार? चाळिसावा झाल्यावर मामेभावाला विचारलं तर म्हणाला, "ती काळी? कारखाना रिकामा केला तवा भंगारवाल्यानं नेली." मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. भंगारात गेली म्हणजे कापल्यासारखीच.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुभेदार आणि त्यांची मुलगी ऋतुजा दुकानात आले. सुभेदार कराडजवळच्या एका गावचे. ऊस, विहीर, बैठं घर सगळं असलेले, फौजेतून निवृत्त झालेले, दाराच्या चौकटीएवढे ताठ. ऋतुजा बावीस वर्षांची. डोंगरातल्या शर्यतींत जिल्ह्यात तिच्यापुढं कुणी नव्हतं, पण सायकल ॲल्युमिनियमची, जड. दीड महिन्यावर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, आणि ती संघात येण्याची तिची शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचं, असं घरात ठरलेलं. हे तिनं मला सांगितलं नाही. सुभेदार चहा आणायला उठले तेव्हा तिच्या तोंडावरून कळलं.

"काका, आटपाडीला एक जुनी कार्बन फ्रेम आहे," ती म्हणाली. "फोटोत तरी चांगली दिसते. निळी. तुम्ही येऊन ठोकून बघाल?"

सुभेदार म्हणाले, "दस्तगीरभाई, तुमी पास केली तर घ्यायची. न्हाईतर कॅन्सल. माझी पोरगी त्याच्यावर बसणार हाय, मी न्हाई."

मी छाती ठोकली. "सुभेदारसाहेब, ज्या फ्रेमवर ह्या दस्तगीरनं नाणं वाजवलंय त्या फ्रेमवर बसून आजवर कुणी पडलं न्हाई. पडायची तिची हिंमत न्हाई."

दहिवडी-म्हसवडवरून जीपनं निघालो. आटपाडीला पोचलो तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं. फ्रेमचे मालक एक निवृत्त गुरुजी. गावाबाहेर डाळिंबाची बाग, कडेला दगडी भिंतीचं छप्पर. छपराच्या बाहेर, पार उन्हात, पंधरा-वीस मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. आत सावली मोकळी पडलेली.

मी म्हटलं, "गुरुजी, मेंढरं आत का नाही?"

"जात नाहीत हो," गुरुजी म्हणाले आणि विषय बदलला.

आत, आढ्याला, जुन्या वाकळीच्या झोळीत फ्रेम टांगली होती. गुरुजींनी झोळी सोडली. मोटारीला मारतात तसला जाड निळा रंग, डोळ्यात भरणारा. गुरुजी म्हणाले, मिरजेच्या बाजारात मिळाली, मुलासाठी घेतली, मुलगा पुण्याला गेला, चालवायची राहिली. मिरज ऐकलं आणि मला मामूंचा रिकामा कारखाना आठवला. पण मिरजेच्या बाजारात काय मिळत नाही? तोफसुद्धा मिळेल.

मी नाणं काढलं. मुंडक्यापासून सुरुवात केली, जिथं पुढच्या चाकाचा चिमटा बसतो तिथून. टक्. वरची नळी, टक्. खालची नळी, पेटी, मागच्या दोन्ही काड्या, टक्, टक्, टक्. इतकी स्वच्छ फ्रेम मी नवीसुद्धा ऐकली नव्हती. प्रत्येक नळी एकाच सुरात. खात्रीसाठी मी पेटीच्या वर पुन्हा तीनदा ठोकलं. आणि आवाज चार आले.

चौथा आतून आला. हे वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर पाच म्हणालो असतो.

मग ती घुमायला लागली. बाटलीचा पिंजरा बसवायची भोकं असतात, तिथं वारा शिरला की फ्रेम पाव्यासारखी वाजते. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी ऐटीत सांगितलं, "काय न्हाई, वारं हाय." खिशातले दोन स्क्रू काढून भोकं बंद केली. आवाज थांबला नाही. बाहेर पाहिलं. डाळिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

छपराच्या दारात गुरुजींच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"नेताय नव्हं?" त्या म्हणाल्या. "आजच न्या. भर बाराला सुरू व्हती बघा रोज. मी आधी म्हणलं मधमाश्या असतील. धूर केला. मग म्हणलं हेंच्या कानात काय झालंय, मग म्हणलं माझ्या. न्या बाबा आजच. डाळिंबं बी न्या पेटीभर."

"तू आत जा," गुरुजी म्हणाले.

"आत कुठं जाऊ? तितं बी ऐकू येतंय."

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. ती फ्रेम तिनं दोन्ही हातांनी धरली होती, नवीन बाळ धरावं तशी, आणि तिला तो आवाज आवडत होता हे दिसत होतं. आता इतक्या जणांपुढं मी काय म्हणणार? की नाणं म्हणतंय चांगली, पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिलेत?

"पास," मी म्हणालो.

फ्रेम दुकानात आणली. सायकल जोडायच्या आधी पायडलची पेटी उघडून आत बघायचं हा माझा रिवाज. त्या दातांच्या डॉक्टरांनीच मला दात बघायचा छोटा आरसा दिला होता. बॅटरी धरून तो आरसा मी खालच्या नळीत घातला. बाहेरच्या रंगाखाली एक जुना ठिगळाचा उंचवटा बोटाला लागत होता. आणि आत, बरोबर त्याच्या पाठीमागं, पानं होती.

तंबोऱ्याच्या भोपळ्याचा आणि दांडीचा जोड झाकायला लाकडात पानं कोरतात. प्रत्येक कारागिराचं पान वेगळं. मामूंचं पान देठाशी जरा डावीकडं वळायचं. नळीच्या आत तशी पाच पानं होती, एकाला एक लागून, रेशमासारख्या कापडाची. त्या नळीत माझी करंगळी दोन पेरं जाते. हात जात नाही, हत्यार जात नाही. आणि मामूंना तर डोळ्यांनी दिसतही नव्हतं.

मी आरसा काढला. पुसला. पुन्हा घातला. पानं होती.

म्हणजे कळलं. ही तीच. मी मेली म्हटलेली, न कापलेली, डॉक्टरांची काळी.

आता बघा माझं मन कसं चाललं. एक मन म्हणालं, दस्तू, सुभेदारांना फोन लाव आणि करवत काढ. दुसरं म्हणालं, फोनवर काय सांगणार? जी फ्रेम मी कापायला हवी होती तीच मी चौघांपुढं पास केली? आणि करवत कशावर चालवणार? मामूंच्या हातची शेवटची वस्तू आहे ही. मामूंनी डसवलेला भोपळा कधी फुटला नाही. मग ही का फुटेल? दुसरं मन माझ्यासारखंच बोलायला हुशार. ते जिंकलं.

मी सायकल जोडली, आणि जन्मात जोडली नसेल अशी जोडली. प्रत्येक बोल्ट मोजून आवळणाऱ्या पान्यानं, कारण कार्बनवर मनगटाचा अंदाज चालत नाही, एक पीळ जास्त झाला की नळी चिरते. सीटच्या दांडीला ग्रीस नाही, वाळूसारखी खरखरीत पेस्ट, नाहीतर दांडी खाली सरकते आणि लोक बोल्ट आणखी आवळून फ्रेम मारतात. ऋतुजाला बसवून सगळं समजावलं. स्टँडला अडकवताना नळीला धरायची नाही, सीटच्या दांडीला धरायची. धुतल्यावर उलटी टांगून आतलं पाणी निथळू द्यायचं. दगड उडून रंगाचा टवका गेला तर त्याच दिवशी नेलपॉलिश लावायचं. पडलीस तर, ओरखडा नसला तरी, आधी इथं आणायची आणि मगच बसायचं. एवढं सगळं सांगितलं. सांगायचं तेवढं सोडून.

ती रोज घाटात जायला लागली. आठवड्यानं आली ती उड्या मारतच.

"काका, पाच मिनिटं कमी झाली चढाला! आणि उताराला ना, ती गुणगुणते."

"कोण?"

"सायकल. वळण यायच्या आधी आवाज चढतो. मी आता रस्ता बघतच नाही, आवाज ऐकते."

"रस्ता बघत जा," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

तेव्हापासून मला खरी भीती वाटायला लागली. दुपारच्या नमाजाहून दुकानात आलो की भिंतीवरच्या साध्या लोखंडी फ्रेमाही घुमतायत असं वाटायचं. हात लावून बघायचो. गार आणि गप्प. एक दिवस हातोडी उचलली तर हातोडीच्या दांड्यातून तळव्याला झिणझिण्या. जेवण जाईना. सुभेदारांचा नंबर काढायचो, ठेवायचो. ऋतुजा दर खेपेला आणखी वेगानं उतरलेली असायची.

चाचणीला आठ दिवस उरले तेव्हा सुभेदारांनीच फोन केला. "दस्तगीरभाई, उद्या सकाळी पोरीचा शेवटचा टाइम घ्यायचाय. तुमी बी या. तुमचंच काम हाय ते." मी ठरवलं, उद्या तोंडावर सांगून टाकायचं. आधी सांगायचं, मग तिला उतरू द्यायचं नाही.

सकाळी घाटात पोचलो तर ऋतुजा आधीच वर गेलेली. यवतेश्वरला धुकं इतकं की सुभेदारांच्या मिशा दिसायच्या, सुभेदार दिसायचे नाहीत. आम्ही सगळ्यात आवळ वळणावर उभे होतो. कठड्याचे दोन दगड तिथं निखळलेले, आणि त्याच्या पलीकडं नुसतं पांढरं. सुभेदारांच्या हातात स्टॉपवॉच.

"सुभेदारसाहेब, एक सांगायचं हाय," मी म्हणालो. "फोन करून तिला थांबवा."

"रेंज न्हाई वर. काय झालं?"

तोंड उघडलं आणि वरून आवाज आला. तीच गुणगुण, धुक्यातून खाली येत होती. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर, सूर चढत, उतरत, पुन्हा चढत. सुभेदार म्हणाले, "आली." मी रस्त्यात उतरून दोन्ही हात वर केले. आवाज आमच्यावर आला, माझ्या उजव्या कानाला लागून गेला, इतका जवळून की पैरणीची बाही हलली. सुभेदारांनी स्टॉपवॉच दाबलं. आणि आवाज निखळलेल्या कठड्याच्या बाजूनं सरळ गेला. वळला नाही. पांढऱ्यात जाऊन खाली, खाली, आणि थांबला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. चाक नाही, माणूस नाही. ओल्या डांबरावर टायरची रेघसुद्धा नाही.

सुभेदार स्टॉपवॉचकडं बघत होते. युद्ध बघितलेला माणूस. त्यांचा अंगठा अजून बटणावरच होता.

"दस्तगीरभाई," ते म्हणाले, "आत्ता काय गेलं?"

सुभेदारांनी धुक्यात तोंड करून हाक मारली, "ऋतू! ए ऋतू!" आयुष्यात इतकी मोठी हाक मी ऐकली नाही. आणि वरून, चालत, सायकल हातात धरून, ऋतुजा आली. हेल्मेट काढलेलं, केस ओले.

"ओरडताय कशाला अप्पा? मी उतरायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वळणावर ती एकदम गप्प झाली. मला बरं वाटलं नाही, म्हणून उतरले. काका, बघा ना काय झालंय."

मी नाणं काढलं. खालची नळी, थप्. वरची नळी, थप्. मुंडकं, काड्या, पेटी, सगळीकडं ओला पुठ्ठा. महिन्यापूर्वी एका सुरात बोलणाऱ्या फ्रेममध्ये आता काहीच नव्हतं. मी एका हातानं मुंडकं धरलं, दुसऱ्यानं सीटची दांडी, आणि जरा पिळली. जोर लावला नाही. बाजरीची भाकरी मोडावी तशी ती माझ्या हातात मोडली. मामूंच्या ठिगळापाशी नाही. ते तसंच घट्ट. त्याच्या वीतभर वर.

ऋतुजा त्या दोन तुकड्यांकडं बघत होती, मग निखळलेल्या कठड्याकडं. मग माझ्याकडं.

मी सांगितलं. सगळं. डॉक्टरांची फ्रेम, करवत, मामू, पानं. आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, आणि ते माझ्या सगळ्या थापांपेक्षा खोटं वाटत होतं.

ऋतुजानं पानांचं काही विचारलं नाही. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काका?"

"पेटी उघडली तवापासून."

"म्हणजे मी पहिल्यांदा उतरायच्या आधी."

"व्हय."

सुभेदार एक पाऊल पुढं आले. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमी पास म्हणाला म्हणून मी तिला बसवली." एवढंच. मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवून जीपकडं गेले. तुकडे माझ्याकडंच राहिले.

दुकानात आणून मी ते कापले. दोन नाही, बोटाबोटाएवढे. ठिगळाची जागा उभी चिरून उघडली. बाहेरून मामूंची पट्टी होती, सुरेख. आतली बाजू कोरी होती. नुसता काळा, गुळगुळीत कार्बन. पानं नव्हती. तुकडे संपेपर्यंत शोधली.

चाचणीला ऋतुजा तिच्या जुन्या जड सायकलीवर उतरली. संघात शेवटची जागा मिळाली तिला, थोडक्यात. हे मला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं. माझ्या दुकानासमोरून ती जायची, वळून बघायची नाही. तिची चूक नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी ती आत आली. हातात सेकंडहँड कार्बनची फ्रेम, राखाडी. बाकड्यावर आडवी ठेवली. मी सवयीनं खिशात हात घातला आणि सुरू झालो, "अगं, ही कंपनी म्हणजे ना, एकदा एक—"

"गप बसा काका," ती म्हणाली. "ऐकू द्या."

तिनं नाणंही घेतलं नव्हतं. बोटाच्या पेरानं ठोकत, नळीला कान लावून, इंचाइंचानं पुढं सरकत होती. मधे थांबायची, मागं जायची, पुन्हा ठोकायची. मला टक् ऐकू येत होतं की थप्, ते मी इथं सांगणार नाही. मला कुणी विचारलेलं नव्हतं. अर्धा तास मी माझ्याच दुकानात, हात बांधून, तिच्या तोंडाकडं बघत उभा होतो.